म्हातारीला भरवत कोण होते?

भयकथा वाचून झाली की 'भूत खरे होते का?' असे बहुतेक जण विचारतात. घरातल्या बायका मात्र वेगळेच विचारतात: 'त्या म्हातारीला रोज भरवत कोण होते?' भयकथाकारांनी हा दुसरा प्रश्न मनावर घ्यायला हवा.

२०१८ च्या 'तुंबाड'ला नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. त्यात बांधून ठेवलेल्या भेसूर म्हातारीसाठी विनायकाची आई रांधते, तिला सांभाळते. एका सोन्याच्या मुद्रेच्या आशेवर. खरी भीती या चाकरीत होती. चित्रपट तिला मागे टाकून मुलाच्या लोभामागे निघून जातो. (देखणेपणाने जातो, हेही कबूल.)

शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेने १९५९ सालीच 'द हॉन्टिंग ऑफ हिल हाउस' या कादंबरीत त्या चाकरीलाच हात घातला होता. तिची एलिनॉर अकरा वर्षे आजारी आईचे करते. आई भिंतीवर ठोकून तिला बोलावी. शेवटच्या रात्री मात्र एलिनॉर उठली नाही. पुढे हिल हाउसमध्ये मध्यरात्री ठोके पडतात, तेव्हा झोपेत तिला वाटते, आईच बोलावते आहे. रॉबर्ट वाइजच्या १९६३ च्या चित्रपटातही भूत दिसत नाही. ठोके तेवढे ऐकू येतात.