आधी धरण, मग संवाद : क्री लोक आणि क्वेबेकची वीज

'स्थानिक समाजांशी आदराचे नाते' हे शब्द आता वीज कंपन्यांच्या अहवालांत हमखास भेटतात. पण हे नाते बनते कशाने? कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचे उदाहरण आम्हांला यासाठी सर्वांत बोलके वाटते. तिथे जलविद्युत प्रकल्पांवरून क्री आदिवासींशी दोन मोठे करार झाले, १९७५ चा आणि २००२ चा. आज ते शेजारी ठेवून वाचू या.

एप्रिल १९७१ मध्ये प्रांताचे प्रमुख रॉबेर बुरासा यांनी जेम्स बे प्रकल्प जाहीर केला. ज्यांच्या शिकारीच्या जमिनी बुडणार होत्या, त्या क्रींना ही बातमी कळली वर्तमानपत्रांतून. कोणी विचारलेच नव्हते! ते कोर्टात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायमूर्ती मालूफ यांनी काम थांबवण्याचा आदेश दिला. आठवडाभरात वरच्या कोर्टाने तो उठवला. पुढच्या वाटाघाटी झाल्या त्या बाहेर बुलडोझर चालू असताना. १९७५ च्या करारात क्री आणि इनुइट यांना मिळून २२.५ कोटी डॉलर भरपाई मिळाली. शिकारीवर जगणाऱ्या क्रींना उत्पन्नाची हमी मिळाली, शाळा आणि आरोग्यसेवेत स्वतःचा कारभार मिळाला. हे काही थोडे नाही. पण 'नको' म्हणायची सोय तेवढी नव्हती.

आणि पाणी कराराच्या कागदावर थांबत नाही. बुडालेली झाडे, माती कुजली, त्यातून विषारी पारा माशांत उतरला. मग मासे बेताने खा, असे त्या लोकांना सांगण्यात आले. मासे हेच ज्यांचे रोजचे जेवण, त्यांना याची भरपाई डॉलरमध्ये कशी मोजून द्यायची?

चित्र पालटले ते ग्रेट व्हेल नदीवरच्या पुढच्या प्रकल्पाच्या वेळी. १९९० मध्ये क्री आणि इनुइट एक होडी घेऊन न्यूयॉर्कला पोचले आणि तिथल्या लोकांना विचारले, तुमची वीज कुठून येणार, माहीत आहे का? १९९२ मध्ये न्यूयॉर्कने वीजखरेदीचा करार सोडला. १९९४ मध्ये क्वेबेक सरकारने प्रकल्पच बाजूला ठेवला. लक्षात घ्या, सरकारची भाषा मवाळ झाली ती यानंतर. २००२ च्या करारात 'राष्ट्राचे राष्ट्राशी' नाते मान्य झाले, आणि ५० वर्षे निधी देण्याचे ठरले.

आमच्या मते हा करार पहिल्यापेक्षा निश्चित सरस आहे. तरी त्याची एक किंमत होती : रूपर्ट नदी वळवायला संमती. क्रींनी एकूण मतदानात करार स्वीकारला. पण २००६ मध्ये नदी वळवण्याची झळ बसणाऱ्या तीन गावांनी विरोधात कौल दिला, आणि तरीही २००९ मध्ये नदी वळवली गेली. बहुसंख्यांची संमती ही नदीकाठच्या माणसाची संमती ठरते का? करार याचे उत्तर देत नाही.

हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के, आणि त्यासाठी पाण्याखाली गेल्या त्या नंदुरबारच्या आदिवासी गावांच्या जमिनी. म्हणून आदराची आमची कसोटी साधी आहे. सभेत सत्कार किती झाले, हे आम्ही बघत नाही. 'नाही' म्हटल्यावर काम थांबते का, एवढेच बघतो.