ताई चीत डाव आहेत, लढत नाही

पहाटे बागेत संथपणे हात फिरवणारी माणसं, एवढीच ताई चीची ओळख आज जगभर उरली आहे. चीनच्या हेनान प्रांतातल्या चनज्यागोउ गावी सतराव्या शतकात आकाराला आलेली मानली जाणारी ही कला मुळात लढण्याची. सेनापती छी जीग्वांगच्या सोळाव्या शतकातल्या युद्धग्रंथातले कितीतरी पवित्रे त्या गावच्या चन घराण्याच्या शैलीत नावानिशी टिकून आहेत. त्यांत पाडण्याचे डाव भरपूर. ‘रानघोड्याची आयाळ विभागणे’ हाच पाहा: प्रतिस्पर्ध्याच्या पायामागे आपला पाय रोवायचा, हात त्याच्या छातीवरून आडवा न्यायचा आणि कंबर फिरवायची. नीट जमलं तर धिप्पाड गडीही पाठीवर जातो.

‘ल्यू’ या डावात समोरच्याचा जोर अडवत नाहीत, मनगट आणि कोपर धरून तो येतोय त्याच दिशेनं त्याला पुढे काढतात. ग्रीको-रोमन कुस्तीचा मल्ल हात खेचून पाठीवर जातो, तेव्हा तत्त्व हेच असतं. पण मल्ल लगेच पकड घट्ट करतो, खाली नेतो, चित करायला बघतो. ताई चीवाला मात्र तोल घालवला की थांबतो. माझ्या मते अर्धा डाव तिथेच वाया जातो.

त्याहून मोठी अडचण पायांची आहे. ‘तुइशौ’ या जोडीच्या प्रकारात बहुतेक ठिकाणी पाय धरायला मनाई असते, आणि एका जागी उभं राहून खेळताना पाऊल हललं तरी हार. त्यामुळे पाठ ताठ ठेवून उभं राहायची सवय लागते. फ्रीस्टाइलच्या मल्लाला असा उभा माणूस म्हणजे दोन्ही पाय धरून पाडणाऱ्या दुहेरी पटाचं आमंत्रण. पट आला की पाय मागे फेकून छातीचा भार त्याच्या पाठीवर टाकावा लागतो. हे अंगात मुरायचं तर रोज कुणीतरी खरोखर पट काढायला हवा, आणि तोही पडायला राजी नसलेला.

असा जोडीदारच ताई चीतून नाहीसा झाला. चीन सरकारच्या क्रीडा आयोगानं 1956 मध्ये 24 हालचालींचा सोपा क्रम तयार केला, त्यानं लाखोंना आरोग्य दिलं. ते काम मोलाचंच. पण त्या क्रमालाच पूर्ण कला समजणारे शिक्षक पुढे वाढले. 2017 मध्ये छंगदूत मिश्र मार्शल आर्ट्सचा लढवय्या श्यू श्यावदोंगनं ताई चीच्या एका गुरूला काही सेकंदांत लोळवलं, तेव्हा अनेकांनी कलेलाच खोटं ठरवलं. हा निष्कर्ष मला मान्य नाही. ती लढत ठोशांची होती, आणि उघडी पडली ती तालमीतली उणीव.

बाओदिंगचे छांग दोंगशंग ‘श्वायज्याव’ या चिनी कुस्तीतले नामांकित मल्ल. पुढे तैवानमध्ये पोलिसांना शिकवताना त्यांनी ताई ची सोडली नाही; कुस्तीचे डाव त्यात घालून स्वतःची शैली उभी केली. वाट तेव्हाच सापडली होती. तुइशौच्या स्पर्धांमध्ये पाय धरण्याची मोकळीक द्यावी, आणि प्रत्येक शिक्षकानं आपल्या शिष्यांना आठवड्यातून एकदा तरी मल्लांबरोबर उतरवावं. तोवर ‘आमच्याकडेही कुस्ती आहे’ हा दावा ताई चीच्या शाळांनी करू नये.