मंत्र आणि मागणे

दिवाळीच्या अमावास्येला एकाच वेळी दोन कामे चालतात, असे आमची आजी सांगे. घराघरांतून लक्ष्मीपूजन होते आणि गावाबाहेर, ओढ्यापलीकडे, कुणी मांत्रिक मंत्र सिद्ध करीत बसतो. "दोघांच्या पुढ्यात सामान तेच गं. दिवा, तांदूळ, हळद, कुंकू." मग फरक तो कशात, असे मी विचारी. समईची वात पुढे सारीत ती म्हणे, "आपण हात जोडतो, तो बोट दाखवतो."

आजीचे हे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी एका इंग्रजी नाटकात पुन्हा भेटले. नाटक ख्रिस्टोफर मार्लोचे, 'डॉक्टर फॉस्टस'. मार्लो शेक्सपियरच्याच वर्षी, १५६४ साली, जन्मला आणि १५९३ साली, तिशी गाठण्यापूर्वीच, डेटफर्ड येथे सुरीच्या घावाने मेला. नाटक छापले गेले ते त्याच्या मागे, १६०४ साली. पुढे १६१६ साली त्याची वाढवलेली प्रत निघाली. सैतानाला आत्मा विकणाऱ्या जर्मन पंडिताची ही कथा बहुतेकांच्या कानांवरून गेलेली असते. ती पुन्हा सांगण्याचा माझा हेतू नाही. मला वाटते ते एवढेच, की या नाटकातली जादू ख्रिस्ती धर्माच्याच सामानातून उभी केलेली आहे, आणि नाटकाचे सारे दुःख त्या उसनवारीत आहे.

फॉस्टस पिशाच्चाला बोलावतो ते दृश्य पाहा. जमिनीवर वर्तुळ आखले आहे. वर्तुळात काय आहे? यहोवाचे नाव, पण अक्षरे उलटसुलट केलेले. संतांची नावे, पण तोडलेली. हाताशी पवित्र पाणी आहे, क्रुसाची खूण आहे. जादू शिकवणाऱ्या मित्राने बरोबर न्यायला सांगितलेल्या ग्रंथांत हिब्रू स्तोत्रसंहिता आणि नवा करार हेही आहेत. भाषा लॅटिन, म्हणजे देवळातलीच. आपल्याकडे मांत्रिक मंत्र उलटा म्हणतो म्हणतात, तशातलाच हा प्रकार.

ही केवळ नाटककाराची कल्पना नव्हे. म्युनिकच्या ग्रंथालयातील पंधराव्या शतकातली एक लॅटिन पोथी रिचर्ड कीकहेफर या अभ्यासकाने १९९७ साली संपादून प्रसिद्ध केली. तीत भूत-पिशाच्चे वश करण्याचे विधी आहेत, आणि त्यांची घडण चर्चच्या भूत काढण्याच्या विधीसारखी आहे. मध्ययुगात असले उद्योग करणारे बहुधा धर्मशिक्षण घेतलेले लोकच असत, असे हा अभ्यासक दाखवतो. ते साहजिकही आहे. लॅटिन कुणाला येत होते? विधी कुणाला पाठ होते? पाद्र्यांना आणि त्यांच्या शिष्यांनाच.

मग धर्म आणि जादू यांत भेद तो काय उरला? सामानात नाही, शब्दांत नाही. बायबलाने तो 'प्रेषितांची कृत्ये' या भागात दोन गोष्टींनी दाखवला आहे. शिमोन नावाचा जादूगार पेत्रापुढे पैसे ठेवतो आणि हात ठेवून पवित्र आत्मा देण्याची शक्ती विकत मागतो. दुसऱ्या गोष्टीत स्कीवाचे सात मुलगे येशूचे नाव घेऊन भूत काढायला जातात. भूत म्हणते की येशू आणि पौल मला ठाऊक आहेत, तुम्ही कोण? आणि ते त्यांना असे झोडपते, की बिचारे उघडे पळत सुटतात. नाव तेच होते, पण नावाशी नाते नव्हते. चर्चचा पाद्रीही भुताला हुकूमच सोडतो, हे खरे; पण तो दुसऱ्याच्या अधिकाराने बोलतो आणि भूत घालवण्यासाठी बोलतो. जादूगार ते स्वतःच्या चाकरीसाठी बोलावतो.

मार्लोने ही गोष्ट खुद्द सैतानाच्या दूताकडून वदवली आहे, हे मला या नाटकातले सर्वांत धारदार स्थळ वाटते. मेफिस्टोफिलिस प्रकट होतो तेव्हा फॉस्टस हर्षाने विचारतो, की माझ्या मंत्रांनीच तू आलास ना? तो शांतपणे सांगतो, की मंत्र हे नुसते निमित्त. कुणी देवाच्या नावाची विटंबना करताना ऐकले, की त्याचा आत्मा गवसेल या आशेने आम्ही आपण होऊन धावतो. एवढे पाठांतर, एवढी आखणी, आणि दूत म्हणतो तुझ्या विद्येला आम्ही दाद दिलेलीच नाही! फॉस्टस ते ऐकतो आणि सोडून देतो. ऐकून सोडून देणे हा त्याचा स्वभावच आहे. आरंभी तो बायबल उघडतो, रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पापाचे वेतन मरण आहे एवढे वाचतो आणि पुस्तक मिटतो. त्याच वाक्याच्या उत्तरार्धात देवाच्या देणगीची गोष्ट आहे, ती वाचतच नाही. अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहायला बसणारी मुले मला दर वर्षी भेटतात. पण या पंडिताने गाळलेला अर्धा भाग फार महागात पडला. त्याला वेतन कळते, देणगी कळत नाही.

म्हणूनच तो करार करतो. चोवीस वर्षांच्या मोबदल्यात आत्मा. सही रक्ताने करायची, तर रक्त गोठते. ते विस्तवाने पातळ करून सही झाली, की ख्रिस्ताने क्रुसावर प्राण सोडताना कार्य पुरे झाल्याचे जे शब्द उच्चारले, तेच फॉस्टस उच्चारतो. उसनवारीची ही परिसीमा! आणि एवढे देऊन मिळवले काय? पोपच्या पुढ्यातले ताट पळवले, एका सरदाराच्या डोक्यावर शिंगे उगवली, गवताचा घोडा विकून एकाला फसवले, गरोदर राणीसाहेबांना भर थंडीत द्राक्षे आणून दिली. मधला हा भाग पोरकट आहे अशी तक्रार अनेक टीकाकारांनी केली आहे. १६०२ साली नाटकात भर घालण्यासाठी दोन लेखकांना चार पौंड दिल्याची नोंद नाटकमंडळीच्या व्यवस्थापकाच्या वहीत आहे, तेव्हा काही थट्टा-मस्करी मार्लोची नसेलही. तरी मी ती गाळू देणार नाही. हुकमाने मिळणारे सुख केवढेसे असते, हे त्या द्राक्षांच्या घोसाइतके दुसरे काहीच सांगत नाही.

रोमच्या प्रवेशात पाद्री घंटा, ग्रंथ आणि मेणबत्ती घेऊन फॉस्टसला शाप देतात. शाप लागत नाही, उलट तेच मार खातात. रोमचे विधी म्हणजे जादूटोणा, असे म्हणणाऱ्या प्रॉटेस्टंट प्रेक्षकांना यात हसू आले असेल. मला मात्र दिसते ते असे, की पोकळ हुकूम कुणाच्याही तोंडी पोकळच. याउलट नाटकात एक म्हातारा आहे. त्याच्यापाशी वर्तुळ नाही, पोथी नाही. सैतानाचे दूत त्याच्या देहाला छळतात, पण आत्म्याला शिवू शकत नाहीत.

शेवटचा तास येतो. घड्याळ अकरा ठोकते. आता तरी तो हात जोडील असे वाटते. तो काय करतो? ग्रहगोलांना थांबायचा हुकूम देतो, डोंगरांना अंगावर पडून लपवायला सांगतो. आकाशात ख्रिस्ताचे रक्त वाहताना त्याला दिसते. तो एक थेंब म्हणतो, मग अर्धा म्हणतो, जणू माप करतो आहे. ख्रिस्ताचे नाव एकदा काळजातून निघते, पण पुढच्याच श्वासाला तो सैतानाची विनवणी करतो. नरक अटळच असेल तर हजार वर्षे, नाही तर लाख वर्षे, पण काही मुदत ठरवा, अशी घासाघीस करतो. अगदी अखेरीस तो आपली पुस्तके जाळायला निघतो. इफिसच्या जादूगारांनीही पुस्तके जाळली होती, पन्नास हजार रुप्याच्या नाण्यांची. पण ती वेळेवर, आपखुशीने.

दोन छापील प्रतींत इथे एका शब्दाचा फरक आहे. पश्चात्ताप 'करू शकला' तर वेळ गेलेली नाही, असे देवदूत १६०४ च्या प्रतीत सांगतो. १६१६ च्या प्रतीत 'करील' तर. मला पहिलाच पाठ खरा वाटतो. ज्याने जन्मभर हुकूमच सोडले, त्याची मागण्याची जीभ झडून गेली. त्याला मागावेसे वाटत होते. मागता येत नव्हते. देवाने दार लावले, असे म्हणणाऱ्यांशी म्हणून माझे जमत नाही.

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. माझा मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा रात्री देवीपुढे मी नवस बोलले: ताप उतरू दे, ओटी भरीन. ताप उतरला, ओटी भरली. त्या रात्री मी मागितले, की सौदा केला? नाटक वाचून झाल्यावर मी हा प्रश्न बराच वेळ उराशी धरून बसले. हात जोडलेलेच होते, हे नक्की आठवते. बोट कुठे होते, ते आजीला विचारले असते.