डॉ. खरे यांचें आत्मसमर्थन

डॉ. ना. भा. खरे यांचा ‘माय डिफेन्स’ हा इंग्रजी ग्रंथ १९३८ चा. त्याच वर्षीं जुलैंत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या या मुख्य प्रधानांनीं राजीनामा दिला. शुक्ल, मिश्र व मेहता हे महाकोशलचे तिघे मंत्री अडून बसले. गव्हर्नरांनीं त्यांस दूर केलें. नवें मंत्रिमंडळ वर्ध्याच्या दडपणाखालीं दोन-तीन दिवसांतच कोसळलें, आणि काँग्रेसच्या कार्यकारिणीनें खऱ्यांस जबाबदारीच्या पदास अपात्र ठरविलें.

व्यवहाराच्या चार पादांपैकीं ‘उत्तर’ हा दुसरा. ‘क्रिया’ म्हणजे पुरावा, तो पुढें. प्रस्तुत ग्रंथ आम्ही उत्तरच समजतों. सहकारी निवडण्याचा मुख्य प्रधानाचा अधिकार तत्त्वतः आम्हांस मान्य आहे. परंतु १९३५ च्या कायद्यानें मंत्री गव्हर्नरांच्या मर्जीवर ठेविले होते. तेव्हां तो अधिकार बजावतांना त्याच मर्जीचा आश्रय घ्यावा लागला, हा या समर्थनांतील कच्चा दुवा होय. कार्यकारिणीची घाई मात्र आम्हांस निर्दोष वाटत नाहीं.