संशय : शहाणपण आणि व्याधी

जेम्स बॉल्डविन ह्यांचा 'नोट्स ऑफ अ नेटिव्ह सन' हा १९५५ साली ग्रंथात समाविष्ट झालेला निबंध वर्णद्वेषाचा निषेध म्हणून वाचला जातो. तो निषेध त्यात आहेच. परंतु अन्याय मनुष्याच्या मनात कसा मुरतो, ह्याच्या दर्शनात निबंधाचे खरे सामर्थ्य आहे.

निबंधाच्या केंद्रस्थानी लेखकाचे वडील आहेत. न्यू ऑर्लिअन्सहून न्यूयॉर्कला आलेला हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक गोऱ्यांविषयी सदैव साशंक असतो. मुलाला नाटकाला नेऊ पाहणाऱ्या गोऱ्या शिक्षिकेचा सद्‌हेतूही त्याला पटत नाही. अनुभवाने शिकविलेली ही सावधगिरी अखेर स्वतःच्या घरात शिरते. क्षयाने खंगलेला हा मनुष्य, घरचीच माणसे आपल्याला विष घालतील ह्या भयाने अन्न नाकारतो. शहाणपण कोठे संपले आणि व्याधी कोठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. वांशिक जाचाची सर्वांत खोल इजा हीच, की संकटाची खरी चाहूल आणि मनाचा भ्रम ह्यांतील भेद ओळखण्याची शक्ती तो हिरावून घेतो.

मुलगाही ह्या वारशातून सुटत नाही. न्यू जर्सीतील उपाहारगृहांतून वारंवार परतविला गेलेला हा तरुण एका रात्री तेथील वाढणारणीवर पाण्याचे भांडे भिरकावतो. नेम चुकतो, मागचा आरसा फुटतो. पण आपल्या हातून खून होऊ शकला असता, ही जाणीव त्याला कायमची हादरवून जाते. ह्या क्रोधाला लेखक जुनाट रोग मानतो.

पुढे तोच रोग साऱ्या वस्तीत दिसतो. ऑगस्ट १९४३ मध्ये हार्लेममध्ये गोऱ्या पोलिसाने एका कृष्णवर्णीय सैनिकावर गोळी झाडली. सैनिक जखमी झाला होता. तो मेला, ही अफवा मात्र लोकांनी स्वीकारली, कारण ती त्यांच्या आजवरच्या अनुभवाशी जुळणारी होती. दंगल उसळली, आणि वडिलांचे शव फुटलेल्या काचांमधून दफनभूमीकडे न्यावे लागले.

क्रोधाला रोग म्हटले की दोष पीडिताकडे सरकण्याचा धोका असतो. रोगाचे मूळ एकदाही नजरेआड होऊ न दिल्यामुळे बॉल्डविन हा धोका टाळतात. जीवन आहे तसे स्वीकारावे, तरीही अन्यायाला कधी स्वाभाविक मानू नये, हा समारोपातील निश्चय मात्र अनुभवातून सिद्ध झालेला नाही. तो केवळ संकल्प आहे. निबंधाचा प्रामाणिकपणाही त्यातच आहे : बरे झाल्याचा दावा तो करीत नाही.