बेग्रामचीं नाणीं आणि मध्यस्थाची नीति

चार्ल्स मॅसन यानें इ. स. १८३३ ते १८३८ या अवधींत अफगाणिस्थानांत मिळविलेल्या नाण्यांच्या संग्रहाविषयीं डॉ. एलिझाबेथ एरिंग्टन यांचा ग्रंथ २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या नांवांतच बेग्राम व काबूलचा बाजार हीं दोन स्थळें निरनिराळीं नमूद केलेलीं आहेत. मैदानांत सांपडलेलें नाणें आणि बाजारांत विकत घेतलेलें नाणें यांचें प्रामाण्य सारखें नसतें. कारण दुसऱ्याच्या मागें एक किंवा अनेक मध्यस्थ उभे असतात. या मध्यस्थांच्या नीतीचा विचार आपल्याकडे फारसा होत नाहीं. तो मॅसनच्या उदाहरणावरून येथें करावयाचा आहे.

मॅसनचें खरें नांव जेम्स लुईस. हा १८२७ सालीं बंगालच्या तोफखान्यांतून पळाला व नांव पालटून फिरत फिरत काबुलास पोंचला. बेग्रामचें मैदान त्यानें प्रथम १८३३ सालीं पाहिलें. तेथील लोकांजवळ नाणीं आहेत हें त्यास ठाऊक होतें. परंतु विचारल्यास प्रत्येक जण कानांवर हात ठेवी. शेवटीं एका वृद्धानें एक झिजकें नाणें पुढें केलें, त्याचे मॅसननें दोन पैसे दिले, आणि मग दुसरा आला, तिसरा आला, व सुमारें ऐशीं नाणीं हातीं आलीं. हा परका मनुष्य आपणांस वेठीस धरून मैदान धुंडाळावयास लावील, या भयानें लोक नाणीं दडवीत होते. एरव्हीं तीं तांबटांकडे मुशींत जात. पुढें मॅसननें आपलीं माणसें ठेवून खरेदी चालविली व त्याच वर्षीं १८६५ तांब्याचीं नाणीं मिळविलीं.

या वर्तनांत स्तुत्य काय व सदोष काय? जबरी केली नाहीं, रोख पैसे दिले, विश्वास संपादन केला, हें निःसंशय स्तुत्य. विकणारास नाण्याची योग्यता ठाऊक नव्हती हा आक्षेप खरा. पण तांबटाच्या मुशीपेक्षां मॅसनची पिशवी बरी, हें कोणीही मान्य करील. ग्रीक व खरोष्ठी अशा दोन्ही लिपींतील लेख असलेल्या नाण्यांवरून मिनँडर, अपोलोडोटस इत्यादि राजांचीं नांवें खरोष्ठींत कशीं लिहिलीं आहेत, हें मॅसननेंच ताडून जेम्स प्रिन्सेप यास कळविलें. तीं नाणीं वितळलीं असतीं तर त्या लिपीचें वाचन किती लांबलें असतें कोण जाणे.

शिवाय मॅसन हा स्वतःच मध्यस्थ होता. मुंबई सरकारच्या द्रव्यसाहाय्यावर व ईस्ट इंडिया कंपनीकरितां तो संग्रह करीत असे. परंतु त्याची मध्यस्थी उघड होती. पैसा कोणाचा व वस्तु कोणाकरितां, हें ज्याचा पैसा त्यास माहीत होतें. मध्यस्थीला दोष चिकटतो तो ती झांकल्यामुळें, मोबदला घेतल्यामुळें नव्हे. मॅसनच्या पद्धतीचा खरा दोष दुसरा आहे. एकदां माणसें नेमून खरेदी सुरू झाली म्हणजे अमुक नाणें मैदानाच्या कोणत्या भागांत, कोणत्या नाण्यांच्या सोबतीस निघालें, हें सांगणारा कोणीच उरत नाहीं. उरतो तो केवळ आणून देणाराचा शब्द.

आतां आपल्या घरांत पाहूं. आपल्याकडील संग्राहक बहुधा दलालाकडे जात नाहींत, मित्राकडे जातात, आणि मित्राचा शब्द तपासणें हा अपमान समजतात. प्रस्तुत लेखकाचा एक अनुभव सांगण्याजोगा आहे. एका स्नेह्यानें काहीं शिवराया आणून दिल्या व त्या एकाच शेतांतील म्हणून सांगितलें. लेखकानें विश्वासानें तसें टिपून ठेविलें. पुढें बोलण्याच्या ओघांत कळलें कीं, त्या दोन निरनिराळ्या आठवड्याच्या बाजारांत मिळाल्या होत्या, व किंमतींत त्या गृहस्थांचा थोडा लाभही होता. लाभाचें दुःख नाहीं. त्यांनीं पायपीट केली होती. परंतु त्या टिपणावरून बांधलेलें अनुमान सर्वस्वी फुकट गेलें. दोष एकट्या स्नेह्याचा म्हणतां येत नाहीं. "आपणांस काय द्यावें?" हें लेखकानें संकोचानें विचारलें नाहीं, व त्यांनीं संकोचानें सांगितलें नाहीं. मोबदला सांगण्याची सोय नसली म्हणजे तो लपवावा लागतो, आणि एक गोष्ट लपविली कीं दुसरी आपोआप लपते.

याची खरी किंमत जोगळटेंभीच्या ठेव्यावरून ध्यानांत येईल. नाशिकजवळ १९०६ सालीं सांपडलेल्या या ठेव्यांत नहपानाचीं १३,२५० हून अधिक रुप्याचीं नाणीं मोजलीं गेलीं व त्यांपैकीं ९,२७० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला आढळला. दर दहांत सुमारें सात, हें प्रमाणच सातवाहनांच्या विजयाचा पुरावा आहे. पुन्हां छापलेलें नाणें दिसावयास कुरूप असतें. चार रसिक मित्रांनीं आधींच जाऊन स्वच्छ मुखवट्यांचीं नाणीं निवडून नेलीं असतीं, तर प्रत्येकाची पेटी शोभली असती आणि तो पुरावा मात्र नाहींसा झाला असता. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी, असें १८७८ चा कायदा सांगतो तो उगाच नव्हे.

तेव्हां संग्राहकांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मित्राचा मोबदला आरंभींच बोलून ठरवावा. नको म्हटल्यास तेंही लिहून ठेवावें. दुसरी, ज्यानें विकणाराशीं गांठ घालून दिली त्यास डावलून पुढील व्यवहार परभारें करूं नये. तसें झाल्यास तो पुढच्या वेळीं स्थळाचें नांव मुद्दाम चुकीचें सांगेल, व त्यास आपणच कारण होऊं. तिसरी, नाण्याच्या पाकिटावर 'अमुक ठिकाणीं सांपडलें' असें न लिहितां 'अमुक ठिकाणीं सांपडल्याचें आणणारा सांगतो' असें लिहावें. यांत मित्राचा अविश्वास नाहीं. उलट त्याच्या शब्दावर नसता भार न टाकणें हेंच मैत्रीस अधिक शोभतें.