‘इम्बाइब’ : एका इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि अध्यापनव्यवहार

प्रस्तावना
महाविद्यालयांचे वार्षिक अहवाल व ध्येय-उद्दिष्टांचे फलक यांत ‘टु इम्बाइब व्हॅल्यूज इन स्टुडंट्स’ या धर्तीची वाक्यरचना वारंवार आढळते. विद्यार्थ्यांमध्ये मूल्ये रुजविणे हा अर्थ तेथे अभिप्रेत असतो. तथापि ‘इम्बाइब’ म्हणजे रुजविणे नव्हे. पिणे, शोषून घेणे होय. या विसंगतीचे स्वरूप तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

व्युत्पत्ती व अर्थविस्तार
लॅटिन ‘इम्बिबेरे’, म्हणजे आत पिऊन घेणे, हे या शब्दाचे मूळ. त्यातील ‘बिबेरे’ आणि संस्कृत ‘पिबति’ ही एकाच आदिम धातूची रूपे आहेत. इंग्रजीत हा शब्द प्रथम भिजविणे, मुरविणे या अर्थाने आला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये किमयागारांच्या प्रक्रिया सांगताना त्याचा वापर केला आहे. पुढे शोषून घेणे, विचार आत्मसात करणे आणि प्राशन करणे हे अर्थ स्थिरावले. भिजविण्याचा अर्थ मात्र लुप्त झाला.

प्रचलित उपयोग
आजच्या इंग्रजी संभाषणात पाणी अथवा चहा ‘ड्रिंक’ केला जातो. ‘इम्बाइब’ औपचारिक वा मिस्कील ठरते आणि कर्म न देता वापरल्यास बहुधा मद्यपानच सुचविते. ‘क्वाफ’ हे त्याचे जुन्या वळणाचे भावंड घटाघटा, मनसोक्त पिण्यासाठी साहित्यात टिकून आहे. वनस्पतिशास्त्रात कोरडे बी पाणी शोषून फुगते, त्या क्रियेस ‘इम्बिबिशन’ म्हणतात.

पिणे आणि पाजणे
मराठीत ‘पिणे’ व ‘पाजणे’, ‘बाणणे’ व ‘बाणविणे’ अशा प्रयोजक जोड्या सहज उपलब्ध आहेत. इंग्रजीत ‘इम्बाइब’ला असे प्रयोजक रूप नाही, त्यासाठी ‘इन्स्टिल’ अथवा ‘इन्कल्केट’ ही स्वतंत्र क्रियापदे योजावी लागतात. बाळकडू पाजण्याची कल्पना मनात ठेवून इंग्रजी लिहिताना हा भेद निसटत असावा. लुप्त झालेल्या जुन्या अर्थाचा आधार येथे घेता येत नाही. कारण तेथेही कर्म भिजणाऱ्या वस्तूचे असे, भिजविणाऱ्या द्रवाचे नव्हे.

ही चूक केवळ व्याकरणाची नाही. ‘स्टुडंट्स इम्बाइब व्हॅल्यूज’ या शुद्ध वाक्यात विद्यार्थी कर्ता आहे. अशुद्ध वाक्यात संस्था कर्ता होते आणि विद्यार्थी केवळ पात्र उरतो. इंग्रजी विद्येला ‘वाघिणीचे दूध’ म्हणण्याची परंपरा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावाशी जोडली जाते. परंतु दूध वाघिणीचे असले तरी ते प्यावे लागते ते पिणाऱ्यानेच.

निष्कर्ष
उद्दिष्टांच्या लेखनात संस्थेच्या कृतीसाठी ‘इन्स्टिल’ व विद्यार्थ्याच्या कृतीसाठी ‘इम्बाइब’ हा भेद पाळणे आवश्यक आहे. मात्र शब्द सुधारल्याने प्रश्न संपत नाही. निर्जीव बीही पाणी शोषते, फुगते; अंकुरते ते सजीव बीच. विद्यार्थ्याने किती ग्रहण केले याची मोजदाद अहवालात करता येईल. त्यातून काय अंकुरले, हे पाहणे अध्यापकाचे खरे कार्य आहे.